आधी गच्ची, मग संगणक: घरच्या रेकॉर्डरचे कानमंत्र

आजीसाठी टीव्ही रेकॉर्ड करणारा संगणक तू घरीच जुळवणार, तोही लिनक्सवर, हे कळलं आणि फार बरं वाटलं. सह्याद्री वाहिनीच्या सातच्या बातम्या तिला देवपूजा, जेवण उरकून निवांत बघता येतील, आणि बोरिवलीच्या कपाटात पडलेल्या व्हीएचएस टेपाही त्याच मशीनवर उतरवता येतील. मामाकडून कानमंत्र हवेत म्हणालीस, तर सगळ्यांत मोठा आधी सांगतो. क्रम मोडू नकोस. आधी गच्ची, मग वायर, मग मशीन आणि सगळ्यांत शेवटी सॉफ्टवेअर. बिघाड बहुतेक वेळा वरच्या टोकाला असतो आणि माणूस रात्रभर खालच्या टोकाला सॉफ्टवेअरशी झटत बसतो.

1. काय रेकॉर्ड होऊ शकतं, ते आधी समजून घे

एक काळ असा होता की अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या घरांत केबलवाल्याची वायर सरळ टीव्ही ट्यूनर कार्डात खुपसायची आणि जे दिसेल ते रेकॉर्ड करायचं. बीटी878 किंवा एसएए7134 चिपचं पीसीआय कार्ड लॅमिंग्टन रोडवरून आणलं की लिनक्स ते ओळखायचा. मुंबईतली अ‍ॅनालॉग केबल 31 ऑक्टोबर 2012 ला संपली. त्यानंतर केबल काय नि खाजगी डीटीएच काय, सिग्नल एन्क्रिप्ट होऊन येतो आणि तो उघडण्याचं काम त्यांच्याच सेट-टॉप बॉक्समधलं कार्ड करतं. तुझ्या संगणकाला तो वाचता येणार नाही.

एन्क्रिप्शन फोडायचे सल्ले मिळतील. त्या वाटेला जाऊ नकोस. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65-अ त्यासाठीच आहे. पण त्याच कायद्याचं कलम 39 हेही सांगतं की स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग केलं, तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे आजीसाठी रेकॉर्ड कर, खुशाल कर. ते इंटरनेटवर चढवणं किंवा विकणं ही वेगळी गोष्ट, ती करायची नाही.

आपल्या कामाचा खुला सिग्नल म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर 2004 मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्री त्यावर आहे. खाजगी वाहिन्यांना तिथे लिलावातून जागा मिळते, त्यामुळे यादी बदलत राहते. आज दिसणारी एखादी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं धरून चालू नकोस. दूरदर्शनच्या वाहिन्या हा पाया मान आणि बाकीचं जे मिळेल ते वरचं समज.

2. गच्चीवर जाऊन आकाश बघ

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 नोव्हेंबर 2015 मध्ये अवकाशात गेला. तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. आपल्या उपनगरांतून तो आग्नेयेला दिसतो. खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण 131 अंश वळायचं आणि क्षितिजापासून साधारण 57 अंश वर बघायचं. मोबाइलच्या होकायंत्राजवळ लोखंडी कठडा किंवा पाण्याच्या टाकीची सळई असेल तर ते चुकीचं दाखवतं, तेव्हा दोन पावलं बाजूला सरकून बघ.

उपनगरांत सगळीकडे पुनर्विकास चालू आहे, म्हणून समोरच्या टॉवरचा हिशोब आधीच कर. टॉवर तुझ्या डिशपेक्षा जितका उंच आहे, त्याच्या दोन तृतीयांशाहून तो जवळ असेल तर आडवा येणार. समजा, आग्नेयेची इमारत तुझ्या गच्चीपेक्षा 45 मीटर उंच आहे. मग ती निदान 30 मीटर लांब हवी. आज तिथे मोकळा प्लॉट असेल तर सोसायटीच्या कार्यालयात विचारून ये, काय बांधणार आहेत ते. खिडकीच्या ग्रिलवर डिश लावायचा मोह होईल, पण खिडकी आग्नेयेला उघडत नसेल तर तो नाद सोड. गच्चीवर लावायची तर सोसायटीची परवानगी लेखी घे.

डिश बघून एक घोटाळा होतो. आपल्याकडची छोटी डिश ऑफसेट जातीची असते. ती 57 अंशांकडे रोखलेली असली तरी लांबून बरीच सरळ उभी वाटते. डोळ्यांच्या अंदाजाने ती आणखी वर वाकवू नकोस. सिग्नल मीटर सांगेल तेच खरं.

3. डिश मोठी घे आणि एलएनबी तिरका बसव

60 सेंटिमीटरची डिश उन्हाळ्यात छान चालते. जून उजाडला की आपल्याकडच्या सरींत तिचा दम निघतो, कारण केयू बँडचा सिग्नल पावसाचे थेंब शोषून घेतात. 90 सेंटिमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ सव्वादोन पट भरतं, तेवढा सिग्नल जास्त गोळा होतो. अगदी कोसळत्या पावसात तीही थांबेल, पण रोजच्या सरींत टिकेल. मुंबईत चार महिने पाऊस असतो, तेव्हा पैसे वाचवायचे तर मशीनमध्ये वाचव, डिशमध्ये वाचवू नकोस.

एलएनबी, म्हणजे डिशसमोर बसणारं सिग्नल पकडणारं डोकं, युनिव्हर्सल घे, 9750 आणि 10600 वाला. तो गळ्यात सरळ बसवून भागत नाही. मुंबई आणि उपग्रह यांच्या जागा अशा आहेत की गणिताने त्याला साधारण 45 अंशांचा तिरकेपणा लागतो. डिश पक्की झाली की मीटरकडे बघत एलएनबी हळूहळू दोन्ही बाजूंना फिरव आणि गुणवत्तेचा आकडा सगळ्यांत वर जाईल तिथे आवळ. 'सिग्नल स्ट्रेंग्थ'च्या आकड्यावर भाळू नकोस. तो गोंगाटानेही चढतो. 'एसएनआर' किंवा 'क्वालिटी' म्हणून जो आकडा दिसतो, तोच बघायचा.

नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. वर्सोवा, गोराईच्या बाजूला खारा वारा साध्या लोखंडाला फार दिवस टिकू देत नाही. कबुतरांना डिशच्या मागचा कोपरा आवडतो, म्हणून वर्षातून दोनदा वर जाऊन घरटं आणि विष्ठा साफ कर. पहिली फेरी मे महिन्यात, पावसाच्या आधी.

4. वायरीत पाणी शिरू देऊ नकोस

आरजी-6 वायर घे, शक्यतो मध्ये एकही जोड न देता. एफ कनेक्टर पिळून बसवण्यापेक्षा दाबून बसवायचे घे. त्यावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळ, साध्या काळ्या इन्सुलेशन टेपवर भरवसा ठेवू नकोस. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दे, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून जाईल आणि भिंतीतून आत येणार नाही. डिशच्या खांबाला अर्थिंग हवंच.

आजीचा जुना फ्री डिश बॉक्सही चालू ठेवायचा असेल तर दोन तोंडांचा एलएनबी आण आणि दोन वेगळ्या वायरी ओढ. साधा स्प्लिटर लावून एकच वायर वाटू नकोस. एलएनबीला ट्यूनरच व्होल्टेज पुरवतो. उभ्या ध्रुवीकरणाला 13 व्होल्ट, आडव्याला 18. दोन यंत्रं एकाच वायरीवर वेगवेगळं मागू लागली की एकाच्या वाहिन्या जातात. हेही लक्षात ठेव: नेमक्या अर्ध्या वाहिन्या मिळत नसतील तर आधी हे व्होल्टेज तपास, डिशला हात लावू नकोस.

5. ट्यूनर घेताना खोक्यावरचं नाव सोडून आतली चिप विचार

दुकानदार 'लिनक्सवर चालतं' म्हणाला एवढ्याने पैसे देऊ नकोस. लिनक्सटीव्ही प्रकल्पाच्या विकीवर उपकरणांची यादी आहे, तिथे तेच मॉडेल आणि तीच आवृत्ती शोध. ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच असेल तर उत्तम. वेगळा ड्रायव्हर बांधावा लागणारी कार्डंही चांगली असतात, पण दर कर्नल अपडेटला तो पुन्हा बांधावा लागतो, आणि ज्या दिवशी तू गावाला असशील त्याच दिवशी आजीच्या बातम्या चुकतील.

जुनं स्कायस्टार-2 कार्ड स्वस्तात मिळेल. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, पण ते फक्त डीव्हीबी-एस वाचतं. तू डीव्हीबी-एस2 घे, त्यावर जुनं आणि नवं दोन्ही चालतं. डीव्हीबीस्काय एस960 सारखा यूएसबी ट्यूनर कर्नलला ओळखीचा आहे, फक्त त्याची फर्मवेअर फाइल वेगळी ठेवावी लागते. ती नसेल तर कर्नलच्या लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहून येतं, म्हणून ट्यूनर जोडल्यावर पहिलं काम म्हणजे तो लॉग वाचणं.

बाजारात 'डीव्हीबी-टी' लिहिलेले चिमुकले डोंगलही दिसतील. ते जमिनीवरच्या अँटेनासाठी असतात, डिशला चालत नाहीत. दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईसह 16 शहरांत जे जमिनीवरचं डिजिटल प्रसारण सुरू केलं, ते डीव्हीबी-टी2 प्रकारचं होतं, त्यामुळे साध्या टी डोंगलला तेही वाचता येत नाही.

एका ट्यूनरने सुरुवात कर. एका ट्रान्सपाँडरवर बऱ्याच वाहिन्या एकत्र येतात आणि एकच ट्यूनर त्या सगळ्या एकाच वेळी टिपू शकतो. दुसरा ट्यूनर गरज दिसल्यावर घेता येईल.

6. मशीन साधं चालेल, डिस्क चांगली हवी

डिजिटल प्रसारण आधीच आकुंचित होऊन येतं. संगणकाला ते फक्त उचलून डिस्कवर ठेवायचं असतं. म्हणून कुणाच्या ऑफिसातून निघालेला जुना ड्युअल कोर डबाही पुरतो. हिशोब सांगतो. सेकंदाला 4 मेगाबिटचा प्रवाह धरला तर तासाला 1.8 जीबी लागतात. अर्ध्या तासाच्या बातम्या एक जीबीच्या आत. 1 टीबीच्या डिस्कवर साडेपाचशे तासांच्या आसपास मावतं. सिस्टिम एका छोट्या एसएसडीवर ठेव आणि रेकॉर्डिंग वेगळ्या मोठ्या डिस्कवर. मोठ्या डिस्कला एक्सएफएस फाइल सिस्टिम दे, भल्यामोठ्या फाइली पुसताना ती अडखळत नाही. डिस्कचा स्मार्ट अहवाल महिन्यातून एकदा बघ. 'रीअ‍ॅलोकेटेड' सेक्टर वाढायला लागले की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता नवी डिस्क आण.

मशीन जमिनीवर ठेवू नकोस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत काय वाचलं, तर जे उंचावर होतं ते. तुमचं घर तळमजल्यावर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

40 वॅटचं मशीन दिवसभर चालू ठेवलं तर रोज जवळजवळ 1 युनिट वीज जाते, म्हणजे महिन्याला 29 युनिट. बातम्या असतात अर्धा तास. म्हणून मशीनला झोपायला आणि वेळेवर उठायला शिकव. मदरबोर्डच्या घड्याळात उठण्याची वेळ भरता येते, आरटीसीवेक नावाची छोटी आज्ञा ते काम करते. पुढे ज्याचं नाव येईल त्या मिथटीव्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आतच आहे. रेकॉर्डिंगच्या 10 मिनिटं आधी उठव. बायोसमध्ये 'वीज परत आली की सुरू हो' ही निवड करून ठेव आणि लहानसा यूपीएस लाव, जो यूएसबीने संगणकाला 'वीज गेली' असं कळवू शकेल.

7. सॉफ्टवेअर एकच निवड आणि त्याचं होऊन राहा

रस्ते तीन आहेत. जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांनी सुरू केलेला व्हीडीआर, 2002 मध्ये आयझॅक रिचर्ड्स यांनी सुरू केलेला मिथटीव्ही, आणि टीव्हीहेडएंड. मिथटीव्ही भरपूर काही करतो, पण त्याच्यामागे डेटाबेस सांभाळावा लागतो. तुला मी टीव्हीहेडएंड सुचवेन. तो पडद्यामागे चालतो आणि ब्राउझरमधून पोर्ट 9981 वर उघडतो. टीव्हीजवळ आजीसाठी कोडी नावाचा प्लेअर लाव, म्हणजे तिच्या हातात नेहमीसारखा रिमोट राहील. पासवर्ड पहिल्याच दिवशी घाल, आणि ते पोर्ट घराबाहेर उघडं ठेवू नकोस.

चाचणी पायरीपायरीने कर. आधी कर्नलला ट्यूनर दिसतो का. मग साध्या स्कॅनच्या आज्ञेने वाहिन्या सापडतात का. मग एक वाहिनी लावून पाच मिनिटांची फाइल डिस्कवर येते का आणि ती व्हीएलसीत वाजते का. हे तिन्ही झाल्याशिवाय टीव्हीहेडएंड बसवू नकोस. नाहीतर चूक कुठल्या मजल्यावर आहे ते कळतच नाही.

फ्री डिशवर कार्यक्रमपत्रिका पूर्ण आणि बिनचूक मिळेल असं धरू नकोस. सातच्या बातम्यांसाठी वेळेवर आधारलेलं रोजचं रेकॉर्डिंग लाव, 5 मिनिटं आधी सुरू आणि 15 मिनिटं नंतर बंद. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळतं ठेव आणि वेळेचा पट्टा एशिया-कोलकाता. वाहिन्यांची जागा बदलली की पुन्हा स्कॅन कर. मार्चच्या मध्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र तुटेल. ते आपोआप सरतं, तेव्हा डिश हलवायला गच्चीवर धावू नकोस.

लिनक्सची सवय नसेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीत आहेत. आधी ते ऐक, मग आज्ञा हाताने टाइप करून बघ.

8. व्हीएचएस टेपांना आधी उजेडात बघ

टेपच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समज. अशी टेप व्हीसीआरमध्ये घालायची नाही. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपला. ती वेगळ्या पिशवीत ठेव आणि साफ करून देणाऱ्याकडे ने. चांगल्या टेपा एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून मगच वाजव.

इथे मात्र सिग्नल अ‍ॅनालॉग आहे, म्हणून आकुंचन आपल्याला करावं लागतं. 720 बाय 576 चं कच्चं चित्र साठवायला गेलीस तर तासाला 75 जीबी जातील. हॉपॉज पीव्हीआर-150 कार्ड आतच एमपेग-2 करून देतं आणि लिनक्स त्याला चांगला ओळखतो, पण पीसीआय स्लॉटचा मदरबोर्ड हवा. सेकंदाला 6 मेगाबिट ठेवलेस तर तीन तासांची टेप साधारण 8 जीबीत बसते. यूएसबीचं ईझीकॅप घेणार असशील तर सावध राहा. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या कवचात वेगवेगळ्या चिपा असतात. एसटीके1160 किंवा यूटीव्ही007 असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. परत करायची सोय असेल तिथूनच घे.

आपल्या टेपा पाल पद्धतीच्या, 625 ओळींच्या. अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेल्या लग्नाच्या टेपा एनटीएससी असतील, त्यासाठी दोन्ही वाचणारा व्हीसीआर आणि सॉफ्टवेअरमध्ये वेगळी निवड लागेल. टिपताना चित्र 'डीइंटरलेस' करू नकोस. दोन्ही फील्ड जसेच्या तसे साठव, सुंदर करण्याचं काम बघताना होतं.

9. जे ठेवशील ते सापडलं पाहिजे

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. 'गजरा', 'आमची माती आमची माणसं', 'प्रतिभा आणि प्रतिमा' हे कार्यक्रम आमच्या पिढीने डोळे भरून बघितले. टेपा महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि त्यात पुष्कळ काही कायमचं गेलं. आज 1 टीबीची डिस्क घरात येते. आता हरवतं ते पसाऱ्यामुळे.

म्हणून फाइलीचं नाव वर्ष, महिना, दिवस आणि कार्यक्रम या क्रमाने ठेव, कार्यक्रमाचं नाव देवनागरीत दिलंस तरी लिनक्सला अडत नाही. रोजच्या बातम्या सात दिवसांनी आपोआप पुसू दे. जे राखायचं ते वेगळ्या फोल्डरमध्ये लगेच हलव. मूळ फाइल पुन्हा आकुंचित करू नकोस, फक्त कापायची असेल तर जशीच्या तशी काप. राखलेल्या प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. दुसरी डिस्क माझ्याकडे मुलुंडला ठेव, मी दिवाळीला आणि गुढीपाडव्याला ती लावून बघत जाईन.

शेवटचं काम वहीत. डिशची दिशा, एलएनबीचा कोन, ट्यूनरची चिप, पासवर्ड आणि पुन्हा सगळं बसवायच्या पायऱ्या मराठीत लिहून वही मशीनशेजारी ठेव, म्हणजे तू घरी नसताना तुझ्या भावालाही निभावता येईल. आणि डिश, ट्यूनर यायला वेळ लागला तरी टेपांचं काम थांबवू नकोस. व्हीसीआर आणि कॅप्चरचं उपकरण मिळालं की त्याच रविवारी पहिली टेप लाव. बुरशी पावसाळ्यात वाढते आणि गेलेली टेप कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.